विसरला की निर्धास्त झाला? डायझेपाम आणि शिकलेल्या उंदरांच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

काल भाऊबीज झाली, आज कॉलेज. होस्टेलच्या मेसमध्ये सगळ्यांच्या डब्यातला चिवडा एका पातेल्यात ओतलाय आणि कोणाचा कुठला ते आता ओळखू येत नाही.

फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, मंजूर आहे. मी ६० उंदीर मागितले होते, प्राणी-नैतिकता समितीने ४८ दिले. सरावाला ६, प्लस मेझला १२, स्टेप-डाऊनला २४ आणि जादाचे ६. (प्लस मेझ आणि स्टेप-डाऊन या उंदरांच्या दोन चाचण्या.) समितीतल्या बाहेरच्या सदस्यांनी विचारलं होतं, "इतके जादा कशासाठी?" मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून कापले.

सिनॉप्सिसमधलं नाव लांबलचक आहे. साधा प्रश्न असा: उंदीर एखादी गोष्ट शिकला, मग त्याला डायझेपाम, म्हणजे चिंता कमी करणारं औषध, दिलं, तर तो शिकलेलं वागणं सोडतो का? आणि सोडलं तर भीती गेली म्हणून की आठवणच नाही म्हणून?

आकडे डेटा रजिस्टरात जातील, तिथे रोज गाईड मॅडमची सही लागते. रजिस्टरात बसत नाही ते या वहीत.

५ नोव्हेंबर

उंदीर आले. स्विस अल्बिनो, सगळे नर, वजन २२ ते २७ ग्रॅम. आठवडाभर त्यांना हात लावायचा नाही. नवी जागा, नवं पाणी, नवा भुसा यांची सवय होऊ द्यायची.

अ‍ॅनिमल हाऊसचे मामा पिंजरे लावत होते. ते उंदीर शेपटीला धरून उचलत नाहीत. पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा पिंजऱ्यात ठेवतात, उंदीर आपणहून आत शिरतो, मग पाईपच उचलायचा. मला वाटलं ही त्यांची लकब असेल. मॅडम म्हणाल्या, २०१० मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी हेच दाखवलं: शेपटीला धरून उचललेले उंदीर माणसाच्या हाताला टाळतात आणि प्लस मेझवर जास्त घाबरलेले दिसतात, नळीतून किंवा ओंजळीत उचललेले तसे दिसत नाहीत. मामांना हा पेपर माहीत नाही. ते म्हणाले, "शेपटीला धरलं की चावतात, म्हणून."

१३ नोव्हेंबर

पिक्रिक आम्लाने खुणा केल्या. डोकं, पाठ, शेपूट. माझी बोटंही पिवळी झाली, दोन दिवस हळदी लागल्यासारखी राहणार.

सरावाचे सहा उंदीर आज प्लस मेझवर सोडले. औषध काही नाही, फक्त माझा हात बसावा म्हणून. लाकडी अधिकचिन्ह, जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंच. दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. मध्यभागी उंदीर ठेवायचा आणि पाच मिनिटं मोजायचं: उघड्या भुजेत किती वेळा गेला, किती वेळ राहिला. चारही पाय आत गेले तरच प्रवेश धरायचा.

हे बघायला मजा येते हे कबूल करते. पहिला मिनिटभर भिंतीला चिकटून होता. मग मान बाहेर, मिशा हलवत, पुढचे दोन पाय उघड्या भुजेवर, धड मात्र आत. शरीर इतकं ताणतो की दुप्पट लांब वाटतो. मग एकदम मागे. दारात उभं राहून रस्ता ओलांडू की नको करणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखं. बहुतेक वेळ सगळे भिंतींच्या आतच होते, तसंच अपेक्षित आहे.

प्रत्येक उंदरानंतर पाटी स्पिरिटने पुसायची आणि वास उडेपर्यंत थांबायचं. आधीच्याने सोडलेला मुताचा वास पुढच्याला सगळं सांगून टाकतो.

१४ नोव्हेंबर

औषधाचा दिवस, आणि पहिला घोळ.

डोस १ मिलिग्रॅम प्रतिकिलो, पोटात इंजेक्शन. २५ ग्रॅमच्या उंदराला पाव मिलीलीटर द्यायचं, म्हणजे द्रावण ०.१ मिलिग्रॅम प्रतिमिलीलीटर हवं. बाजारातली अँप्युल ५ मिलिग्रॅम प्रतिमिलीलीटरची. ५० पट पातळ केलं की झालं, असं वाटून सलाईनमध्ये ओतलं आणि सगळं ताकासारखं पांढरं झालं. डायझेपाम पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अँप्युलमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोल असतं, ते औषधाला धरून ठेवतं. पाणी वाढलं की औषध बाहेर.

विरघळलं असतं तरी चालणार नव्हतं. अल्कोहोलही उंदराला निर्धास्त करतं. मग परिणाम डायझेपामचा की त्याच्या सोबत्याचा? पावडर काढली, खलात दोन थेंब ट्वीन ८० घालून घोटली, हळूहळू सलाईन. नियंत्रण गटाला हेच सगळं, फक्त पावडर नाही; याला व्हेइकल म्हणतात. वहीत वजनाची नोंद, सही, उरलेलं कुलपात. या औषधाचा मिलिग्रॅम मिलिग्रॅम हिशेब द्यावा लागतो.

१६ नोव्हेंबर

डायझेपाम काम करत नाहीये.

सरावाच्याच सहा उंदरांपैकी तिघांना औषध, तिघांना नुसतं व्हेइकल, अर्ध्या तासाने मेझवर. कुणाला काय दिलं हे ज्युनिअरने चिठ्ठीत ठेवलं होतं. मी मोजलं, चिठ्ठी उघडली, फरक शून्य. सहाच्या सहा भिंतीआड. उलट तेरा तारखेपेक्षा जास्त भिंतीआड.

तीन उंदरांत काय कळणार, हे ठीक. पण प्लस मेझवर डायझेपाम म्हणजे पाठ्यपुस्तकातलं पहिलं उदाहरण. १९८५ मध्ये पेलो, शोपां, फाईल आणि ब्रायली यांनी रॅटवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या जातीच्या उंदरावर, ही पद्धत पक्की केली, १९८७ मध्ये लिस्टरने उंदरांवर, आणि दोन्हीकडे बेन्झोडायझेपिन, म्हणजे डायझेपामच्या कुळातलं औषध, दिलं की उघड्या भुजांतला वावर वाढतो. माझ्याकडे वाढत नाही, म्हणजे चूक माझी. सस्पेन्शन खाली बसलं असेल. पावडर जुनी असेल. सुई आतड्यात गेली असेल.

१८ नोव्हेंबर

ताजं सस्पेन्शन. त्याच उंदरांवर, यावेळी ३ मिलिग्रॅम प्रतिकिलो, आणि रोटारॉड. फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायचा. औषधवाले एकेक करून खाली घसरले, व्हेइकलवाले सर्कशीत असल्यासारखे वर. मॅडम दारातून म्हणाल्या, "औषध जिवंत आहे. मेझवर पहिल्यांदा कधी टाकलेस हे उंदीर?"

"तेराला. पण तेव्हा काहीच दिलं नव्हतं."

"तेच विचारतेय."

एवढं बोलून त्या लेक्चरला गेल्या.

१९ नोव्हेंबर

लायब्ररीत दुपार. सँड्रा फाईल यांचं १९९० च्या आसपासचं काम. उंदीर किंवा रॅट प्लस मेझवर एकदाच, पाच मिनिटं, कुठलंही औषध न देता जाऊन आला असेल, तर दुसऱ्या वेळी बेन्झोडायझेपिनचा परिणाम दिसत नाही. शरीराला औषधाची सवय झाली म्हणावं तर औषध मिळालेलंच नसतं. सवय झालीय ती मेझची.

म्हणजे तेरा तारखेला मी हात बसवत होते तेव्हा उंदीरही शिकत होते. पहिल्या वेळी उघडी भुजा म्हणजे न पाहिलेली जागा: जाऊ की नको? दुसऱ्या वेळी प्रश्नच उरत नाही. उघड्यावर काही मिळत नाही, आडोसा कुठे आहे ते ठाऊक आहे, सरळ तिकडे. फाईल यांचं म्हणणं, दुसऱ्या वेळची भीती पहिलीहून वेगळ्या जातीची असते, शिकलेली, उंचीच्या धास्तीसारखी, आणि ती या औषधाला दाद देत नाही.

गंमत म्हणजे हेच लाकडी अधिकचिन्ह आपल्याकडे बऱ्याच फार्मसी कॉलेजांत स्मरणशक्ती मोजायलाही वापरतात. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या कुलकर्णी सरांच्या गटाने १९९२ मध्ये ते मांडलं: उंदीर उघड्या भुजेच्या टोकाला ठेवा, आडोशाला शिरायला किती सेकंद लागतात ते मोजा, २४ तासांनी पुन्हा. दुसऱ्या दिवशी कमी वेळ लागला तर त्याला आठवतंय. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण ब्राह्मीच्या अर्कावर नेमकं तेच करतेय. तिच्या टेबलावर उंदीर पटकन आत गेला तर हुशार, माझ्या टेबलावर गेला तर घाबरट.

सरावाचे सहा उंदीर मेझसाठी आता कायमचे बाद. नव्या बाराही जणांना मेझ एकदाच दिसेल. आणि माझा हात? तो बसला की नाही, ते बघू.

२० नोव्हेंबर

मतदान, सुट्टी. सकाळच्या एसटीने गावी, संध्याकाळी परत.

२२ नोव्हेंबर

नवे सहा. औषधवाला पहिला उंदीर उघड्या भुजेच्या टोकापर्यंत गेला आणि कडेवरून डोकं खाली घालून जमीन बघत बसला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चिठ्ठी उघडायच्या आधीच ज्युनिअरला सांगितलं की हा औषधाचा, आणि लगेच लक्षात आलं की हे वाईट आहे. कोणाला काय दिलं याबाबत मी आंधळी राहिलेली नाही. उद्यापासून मोजणी व्हिडिओवरून, ज्युनिअर करेल.

२३ नोव्हेंबर

आज निकाल आहे हे मला माहीत होतं. त्याचा माझ्याशी संबंध आहे हे माहीत नव्हतं.

साडेअकराला तिसरा उंदीर मेझवर असताना गेटसमोर पहिली माळ लागली. मग डीजे. मग मोठे बॉम्ब. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. उंदीर भिंतीच्या कोपऱ्यात बसला तो पाच मिनिटं हललाच नाही, औषधवाला होता की नव्हता याला काही अर्थच उरला नाही. मामांनी धावत जाऊन खिडक्यांवर गोणपाटं टाकली. गुलाल खालच्या फटीतून आत.

तिघांची रीडिंग फुकट. उरलेल्या तिघांनी मेझ पाहिला नव्हता, पण दोन तास फटाके ऐकले होते. मॅडम म्हणाल्या, सहाही बाद धर आणि कारण रजिस्टरात स्पष्ट लिही. मी लिहिलं: "बाह्य आवाज." त्यांनी खोडून लिहिलं: "विजयी मिरवणूक, ११:३० ते १:४०."

जादाचे सहा कशासाठी, याचं उत्तर आता माझ्याकडे आहे.

२५ नोव्हेंबर

जादाचे सहा वापरले. शांतता. प्लस मेझचे बारा पूर्ण, आणि दिसायला हवं होतं ते दिसलं. एकूण भुजाप्रवेश दोन्ही गटांत साधारण सारखे, म्हणजे औषधवाले नुसते जास्त पळत नव्हते. फक्त उघड्या-बंदची वाटणी बदलली.

हे न शिकलेलं वागणं. उंदराला उंच उघडी जागा कोणी शिकवलेली नसते. आता खरं काम.

२८ नोव्हेंबर

दिवसभर वाचन. सारखी फिरून गेलर आणि सीफ्टर यांच्या १९६० च्या पेपरवर येते.

त्याआधीचं थोडं. १९४१ मध्ये एस्टेस आणि स्किनर यांनी दाखवलं की खाण्यासाठी कळ दाबायला शिकलेल्या रॅटला टोन ऐकवून मग शॉक देत राहिलं, की पुढे नुसत्या टोनवरच त्याचं कळ दाबणं मंदावतं. भीती आता कळ दाबण्याच्या संख्येत मोजता येऊ लागली. त्याच दशकात शिकागोला मासरमन मांजरांना डब्यातून अन्न काढायला शिकवून मग नेमक्या त्या क्षणी तोंडावर हवेचा झोत सोडत होते. मांजरं डब्याजवळ जाईनात. थोडी दारू पाजली की जात. त्यातली काही पुढे साध्या दुधाऐवजी दारू घातलेलं दूध पसंत करू लागली. मासरमन यांचं वर्णन वाचताना मांजरांबद्दल वाईट वाटतं आणि थोडी ओळखही पटते.

गेलर-सीफ्टर यांनी हे नेटकं केलं. भुकेला रॅट, कळ दाबली की गोड दूध. पण प्रत्येक वेळी नाही, सरासरी दोन मिनिटांतून एकदा. मधूनमधून तीन मिनिटांचा टोन. टोन चालू असताना प्रत्येक दाबाला दूध, आणि प्रत्येक दाबाला पायाखाली शॉकही. रॅटपुढे दोन्ही गोष्टी एकाच कळीवर. तो टोनमध्ये जवळजवळ थांबतो, टोन संपला की पुन्हा दाबू लागतो.

आता औषध. मेप्रोबामेट, तेव्हाचं चिंताशामक, दिलं, टोनमधले दाब वाढले. फिनोबार्बिटल हे गुंगीचं औषध, वाढले. अँफेटामीन हे उत्तेजक, उलट आणखी कमी. प्रोमाझिन, म्हणजे मनोविकारावरच्या औषधांच्या घराण्यातलं, त्याने हे काम केलं नाही. त्याच वर्षी डायझेपामच्या कुळातलं लिब्रियम बाजारात आलं. रसायनशास्त्रज्ञ स्टर्नबाख यांनी रोश या औषध कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत आवराआवर करताना सापडलेली बाटली १९५७ मध्ये तपासायला पाठवली होती, ते हे औषध. १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे माझं डायझेपाम. पुढची अनेक वर्षं नवं चिंताशामक आलं की त्याला टोनमध्ये कळ दाबून दाखवावी लागे.

मला यात आवडलेली गोष्ट दुसरीच. त्या रॅटना अनेक आठवडे शिकवलेलं असतं. औषध देऊन टोनमध्ये जास्त दाबतात तेव्हा "विसरले" म्हणायची सोय नाही. टोन नसताना त्यांचं दाबणं जसंच्या तसं आहे, कळ कुठे आहे, दूध कुठून येतं, सगळं ठाऊक आहे. शॉक लागतोय, तरी दाबतायत. इथे "निर्धास्त" हा शब्द जवळपास बसतो.

आणि एक. १९६८ मध्ये मार्गुलिस आणि स्टाइन यांनी डायझेपामच्याच कुळातलं ऑक्सॅझेपाम रोज देऊन पाहिलं. पहिल्या डोसला प्राणी सुस्त होतात, टोन असो नसो दाबणंच कमी. काही दिवसांत सुस्ती जाते आणि शिक्षेला न जुमानणं मात्र टिकतं, उलट जास्त स्पष्ट दिसतं. मी प्रत्येक उंदराला एक-दोनच डोस देणार आहे. माझ्या रीडिंगमध्ये सुस्ती मिसळलेली असणार, हे आधीच लिहून ठेवते.

आमच्याकडे कळीचा पिंजरा नाही. मागच्या कपाटात पोल क्लायम्बिंगचं जुनं उपकरण आहे, बझर वाजला की खांबावर चढायचं. त्यावर क्लोरप्रोमाझिन, प्रोमाझिनच्या घराण्यातलं, छान दिसतं: उंदीर बझरला दाद देत नाही, शॉक लागला की मात्र चढतो. डायझेपाम तसं दिसत नाही, उंदीर बझर टाळत असेल तर टाळणं धडपडेपर्यंत चालूच राहतं. माझ्या प्रश्नाला ते निरुपयोगी. म्हणून स्टेप-डाऊन.

३ डिसेंबर

स्टेप-डाऊन. पेटी, तळाला स्टीलच्या सळ्या, मध्ये छोटा लाकडी पाट. उंदीर पाटावर ठेवायचा. तो काही सेकंदांत खाली उतरतो, कारण पाटावर बसून काय करणार. उतरला की ०.५ मिलिअँपिअर, दोन सेकंद, एकदाच. २४ तासांनी पुन्हा पाटावर, यावेळी शॉक बंद. किती वेळ उतरत नाही ते मोजायचं, कमाल ३०० सेकंद.

आधी स्वतःची दोन बोटं सळ्यांवर ठेवून बघितलं. ओल्या हाताने फ्रिजला हात लागावा तसं, पण जरा जोरात. मामा म्हणाले, "बघितलंत ना, आता वाढवू नका."

गट चार, प्रत्येकी सहा. शिकायच्या आधी अर्धा तास एक इंजेक्शन, परीक्षेच्या आधी अर्धा तास दुसरं.
क: व्हेइकल, व्हेइकल.
ख: डायझेपाम, व्हेइकल.
ग: व्हेइकल, डायझेपाम.
घ: डायझेपाम, डायझेपाम.

औषध फक्त निर्धास्त करत असेल तर ग उतरायला हवेत: शिकले शुद्धीत, आठवतंय, पण परीक्षेच्या वेळी भीती नाही. औषध आठवण बसूच देत नसेल तर ख उतरतील. घ मी घातला ओव्हर्टन यांच्यामुळे. १९६४ मध्ये त्यांनी रॅटना पेंटोबार्बिटल या गुंगीच्या औषधाच्या अमलाखाली शिकवलं, ते रॅटना शुद्धीत आठवत नसे, पुन्हा अमलाखाली नेलं की आठवे. माझ्या उंदरांचंही तसंच असेल तर घ पाटावर बसून राहतील.

११ डिसेंबर

काल चोवीसजणांचं शिक्षण झालं, आज परीक्षा. सकाळी साडेआठ ते दीड. वीज दोनदा गेली, इन्व्हर्टर टिकला. शॉक लागल्यावर काल चारही गटांचे उंदीर सारखेच उडाले, सारखेच चिरकले. निदान कानाला तरी फरक जाणवला नाही.

तीनशे सेकंद पाटाकडे बघत बसणं हे वेगळंच काम आहे. पाठीवर पिवळी खूण असलेला एकजण चारही पाय पाटाच्या मध्ये गोळा करून बसला, एकदाही कडेला आला नाही. दुसरा कडेला येऊन सळ्यांचा वास घ्यायचा, एक पाय खाली सोडायचा आणि सळीला लागायच्या आत वर ओढून घ्यायचा. असं अकरा वेळा, मी मोजलं, रजिस्टरात त्याला रकाना नाही. आणि काहीजण असे उतरले की जणू काल इथे आलेच नव्हते.

१४ डिसेंबर

परवा कोड फोडला, कुठला उंदीर कोणत्या गटातला ते कळलं.

क बहुतेक पाटावरच. ख पटापट खाली. घ सुद्धा पटापट खाली, ख सारखेच. ग बराच वेळ वर. पाय सोडून वर घेणारा ग मधला निघाला.

म्हणजे औषध शिकण्याच्या वेळी असलं तर दुसऱ्या दिवशी आठवण नाही. पुन्हा औषध दिल्याने ती परत येत नाही, म्हणून ओव्हर्टनची वाट इथे लागू पडत नाही. आणि शुद्धीत शिकलेल्याला परीक्षेच्या वेळी औषध दिलं तर तो धावत उतरत नाही.

मग गेलर-सीफ्टरचं काय? तिथेही रॅट शुद्धीत शिकलेले आणि औषध नंतर, माझ्या ग सारखेच. ते तर दाबतात. दोन दिवस याच्यावर डोकं खाल्लं. आज भांडी घासताना सुचलं: तिथे दूध आहे. रॅट भुकेला आहे. एकीकडे ओढ, एकीकडे शॉक, आणि औषध त्या रस्सीखेचीत एक बाजू सैल करतं. माझ्या पाटाखाली काय आहे? सळ्या. उतरण्यात उंदराला काहीच मिळायचं नाही. भीती सैल झाली तरी उतरायचं कशासाठी? मी दोरीचं एकच टोक बांधलं आणि रस्सीखेच बघायला बसले.

१९७१ मध्ये व्होगेल, बिअर आणि क्लोडी यांनी तहानलेल्या रॅटच्या पाण्याच्या नळीला शॉक जोडला होता. तिथेही तहान होती. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "हे चर्चेच्या प्रकरणात घाल. आणि ग मध्ये तुझे सहाच आहेत, फार उड्या मारू नकोस."

१८ डिसेंबर

मावशीची एंडोस्कोपी. मी सोबत. आधी तिला शिरेतून मिडाझोलाम दिलं, डायझेपामच्याच कुळातलं. नळी आत जाताना तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली, डोळ्यांत पाणी, "बास, बास" असा हात हलवत होती. डॉक्टर बोलत होते, ती मान डोलावत होती.

तासाभराने चहा पिताना म्हणाली, "कधी केलं गं? काहीच त्रास झाला नाही. उगाच घाबरत होते."

मी बोटं दाखवली नाहीत. घरी सगळ्यांना सांगतेय, अजिबात भीती वाटली नाही. ती ख गटातली.

२६ डिसेंबर

एक छिद्र राहिलंय. ख ला आठवलं नाही, कारण औषधाने आठवण साठू दिली नाही? की शिकताना औषधामुळे भीतीच कमी वाटली, म्हणून साठवण्यासारखं काही घडलंच नाही? मावशीकडे बघून पहिलं खरं वाटतं, पण उंदराने माझा हात धरलेला नाही.

शिकल्यावर लगेच औषध देणारा पाचवा गट हवा होता. मग शिकतानाची भीती पूर्ण आणि औषध फक्त साठवणीवर. जे छापलेलं आहे त्यात बहुतेक वेळा शिकल्यानंतर टोचलेल्या बेन्झोडायझेपिनने फारसं बिघडत नाही, घाव बसतो तो आधी दिलेल्याचा. माझे जादाचे सहा मिरवणुकीत गेले. समितीकडे पुन्हा जायला वेळ नाही.

दुसरी वाट झुरिचची, आणि ती वाचून मी लायब्ररीत मोठ्याने "अरे!" म्हणाले. १९७७ मध्ये मेंदूत या औषधांची बसायची जागा दोन गटांना सापडली, त्यातले एक हान्स म्योलर. त्यांच्याच झुरिचच्या प्रयोगशाळेत १९९९ मध्ये रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गाबा-ए ग्राहीच्या, म्हणजे त्याच बसायच्या जागेच्या, अल्फा-१ भागातलं १०१ क्रमांकाचं एक अमिनो आम्ल बदललं, हिस्टिडिनच्या जागी आर्जिनिन. या उंदरांत डायझेपाम अल्फा-१ वर बसूच शकत नाही, बाकी ठिकाणी बसतं. त्यांना डायझेपाम देऊन अंधाऱ्या खोलीत शिरलं की शॉक, असं शिकवलं. साधे उंदीर दुसऱ्या दिवशी विसरलेले. बदललेल्या उंदरांना आठवत होतं. सुस्तीही आली नाही. आणि उघड्या-उजेडाच्या भीतीवर मात्र औषध दोघांवर सारखंच चाललं. पुढच्याच वर्षी अल्फा-२ मध्ये तसाच बदल केला, तेव्हा भीती कमी करण्याचं कामच गेलं.

एकाच सुईतून जाणारी दोन कामं, दोन वेगळ्या दारांतून. भीती कमी होण्यातूनच विसरणं येत असतं तर अल्फा-१ बदललेल्या उंदरांनी निर्धास्त होऊन पाठ विसरायला हवा होता. ते निर्धास्त झाले आणि पाठही राहिला.

माझ्या ख बद्दल यावरून थेट काही सिद्ध होत नाही. पण रात्री झोप लागेल.

३ जानेवारी २०२५

चर्चेचं प्रकरण मॅडमकडून परत आलं. लाल शाई. मी जिथे जिथे "भीती कमी झाली" लिहिलं होतं तिथे खोडून "उघड्या भुजांतले प्रवेश वाढले". "उंदीर विसरले" च्या जागी "पाटावरचा कालावधी घटला". शीर्षकातला "चिंता" हा शब्द गोल करून समासात: "कुणाची?"

मी विचारलं, मग भीती हा शब्द कुठेच वापरायचा नाही का? म्हणाल्या, "गेलर-सीफ्टरचा पेपर काढ. काय मोजलंय त्यांनी? दाब. तूही सेकंद मोजलेस." मग जरा थांबून, "प्रस्तावनेत एकदा वापर."

पाय सोडून वर घेणाऱ्या उंदराबद्दल मी एक परिच्छेद घातला होता. तो त्यांनी पूर्ण खोडला नाही. बाजूला प्रश्नचिन्ह आहे.

८ जानेवारी

मंजूर फॉर्मप्रमाणे शेवटच्या गटाचं काम आज संपलं. मी खोलीत होते, मामांनी तसा आग्रह धरला. "मोजलंय तुम्ही, तर शेवटपर्यंत राहा." पिवळ्या खुणा एव्हाना फिकट झाल्या होत्या, कोण ग मधला होता हे रजिस्टर बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं.

डायझेपामची उरलेली पावडर वजन करून वहीत चढवली, दोन सह्या, कपाटाला कुलूप. पीव्हीसीचे तुकडे मामांनी धुऊन खिडकीत उन्हाला ठेवलेत. पुढच्या आठवड्यात ब्राह्मीवाल्या मैत्रिणीचे उंदीर येणार आहेत. तिला सांगितलंय, हात बसवायला म्हणून कुणालाही मेझवर टाकू नकोस.